पालवी फुटण्याआधीची बाग

अमेरिकेच्या पूर्व भागात एप्रिल उजाडतो तेव्हा तिथलं पानझडी जंगल अजून उघडंबोडकं असतं. मेपल, ओक, बीच यांच्या काळ्या-करड्या फांद्या, खाली गेल्या वर्षीचा ओला पाचोळा आणि वर मोकळं आभाळ. नेमक्या याच दिवसांत त्या पाचोळ्यातून बोटभर उंचीची फुलं वर येतात: ब्लडरूट, हेपॅटिका, स्प्रिंग ब्यूटी, ट्राउट लिली, ट्रिलियम. झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत यांतली कित्येक आपलं फुलणं, फळणं, बी टाकणं सगळं उरकून घेतात आणि जमिनीत परत जातात. जूनमध्ये तिथून चालणाऱ्या माणसाला इथे काही होतं याचा पत्ताही लागत नाही.

ही घाई हिशेबाची आहे. मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत जंगलाच्या जमिनीला भरपूर ऊन मिळतं, वितळलेल्या बर्फाचं पाणी मुरलेलं असतं, माती नुकती गोठण्यातून सुटलेली असते. एकदा मेपलची पानं उलगडली की जमिनीवर पोचणारा प्रकाश काही टक्क्यांवर येतो. मग वर्षाची कमाई त्या पाच-सहा आठवड्यांत करायची आणि ती कंदात, गड्ड्यात किंवा आडव्या मूळकांडात साठवून दहा महिने गप्प बसायचं, असा या वनस्पतींचा जीवनक्रम ठरला. त्यांचा जंगलालाही उपयोग आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात ट्राउट लिलीचा अभ्यास करून रॉबर्ट म्युलर आणि हर्बर्ट बोरमन यांनी 1976 मध्ये असं मांडलं, की झाडांची मुळं पुरती जागी होण्याआधी वितळत्या बर्फाबरोबर वाहून जाऊ शकणारं नायट्रोजन आणि पोटॅशियम ही इवलीशी रोपं शोषून धरतात आणि उन्हाळ्यात पानं कुजली की ते मातीला परत देतात. सगळ्याच जंगलांत हे तितकंच घडतं का, यावर पुढे वाद झाला. पण या फुलांकडे नुसती शोभा म्हणून पाहणं त्यानंतर मागे पडलं.

घराच्या बागेत ही फुलं लावण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. उपनगरांतल्या घरांमागे एक-दोन मोठे ओक किंवा मेपल असतात आणि त्यांच्याखाली हिरवळ धरत नाही. लोक तिथे होस्टा लावतात, इंग्लिश आयव्ही पसरू देतात किंवा लाकडाच्या भुशाचा थर टाकून मोकळे होतात. न्यू जर्सी किंवा उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरांत ऊन येणारा कोपरा मेथी, मिरची, टोमॅटोला जातो. कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात घरात येते. मागची सावली मात्र निरुपयोगी म्हणून सोडून दिलेली असते. वसंतातल्या रानफुलांना हवी असते ती हीच जागा. फक्त ती सावली पानझडी झाडांची हवी. सदाहरित सूचिपर्णी झाडांखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला, जिथे एप्रिलमध्येही ऊन पोचत नाही, तिथे यांचं काही चालत नाही. सावलीत फुलणारी झाडं असं त्यांच्याबद्दल सरसकट लिहिलं जातं, पण प्रत्यक्षात ही उन्हात फुलतात आणि सावलीत झोपतात. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी रोपं वाया जातात.

यांतलं ब्लडरूट जवळून पाहण्यासारखं आहे. कळी वर येते ती एका पानात गुंडाळून. थंडीत पान मिटलेलं राहतं. ऊन आलं की आठ ते बारा पाकळ्यांचं शुभ्र फूल उघडतं, संध्याकाळी मिटतं. फुलात मध नाही, फक्त पराग. पहिले दोन-तीन दिवस ते एखाद्या माशीची वाट पाहतं. कोणी आलंच नाही तर पुंकेसर स्वतःच वाकून आपल्याच कुक्षीला टेकतात आणि काम उरकतात. एखादी जोरदार सर आली की पाकळ्या गळून पडतात. मूळकांड कापलं तर आतून नारिंगी-लाल चीक वाहतो. अमेरिकेतले मूळ रहिवासी त्याचा रंग वापरत. त्यातलं सँग्विनॅरीन नावाचं द्रव्य एके काळी दातांच्या पेस्टमध्येही घातलं जाई. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांशी त्याचा संबंध दिसल्यावर तो वापर थांबला. याचा दुहेरी पाकळ्यांचा प्रकार बागांत लोकप्रिय आहे. तो जास्त दिवस टिकतो, दिसतोही देखणा, पण पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्यामुळे त्याला ना पराग, ना बी. माशीच्या दृष्टीने ते फूल असून नसल्यासारखं.

स्प्रिंग ब्यूटी हे त्याहून साधं: गवतासारखी दोन पानं, गुलाबी रेघांची पांढरी फुलं. पण याच्यावर एक एकलकोंडी मधमाशी अवलंबून आहे. आंद्रेना एरिजेनी हे तिचं शास्त्रीय नाव. ती आपल्या पिल्लांसाठी पराग गोळा करते तो याच फुलांतून. एप्रिलच्या दुपारी ही माशी उडताना पाहिली तर तिच्या मागच्या पायांवर गुलाबी परागाचे गोळे स्पष्ट दिसतात, कारण स्प्रिंग ब्यूटीचा परागच गुलाबी असतो. हे फूल जिथून गेलं तिथून ही माशीही गेली. डचमन्स ब्रीचेसची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या पांढऱ्या फुलाला दोन पोकळ टोकं असतात आणि मध त्या टोकांच्या तळाशी. लांब जिभेची, नुकतीच हिवाळ्यातून उठलेली भुंग्याची राणीच तिथवर पोचू शकते. आखूड जिभेच्या माश्या बाहेरून भोक पाडून मध पळवतात.

व्हर्जिनिया ब्लूबेलची कळी गुलाबी आणि फूल निळं. एकाच देठावर दोन्ही रंग दिसतात. नदीकाठची गाळाची, ओल धरणारी जमीन त्याला मानवते. वॉशिंग्टनजवळच्या बुल रन पार्कमध्ये एप्रिलच्या मध्यावर ओढ्याकाठी याचे ताटवेच्या ताटवे फुलतात आणि लोक लांबून पाहायला येतात. टॉमस जेफरसनने 1766 च्या एप्रिलमध्ये आपल्या बागेच्या वहीत सखल जमिनीतलं एक निळसर, नरसाळ्याच्या आकाराचं फूल नोंदवलं आहे. ते हेच असावं असं मानतात. जेफरसनच्या नावाचं एक रानफूलही आहे, ट्विनलीफ. त्याच्या एका देठाचं पान फुलपाखराच्या पंखांसारखं दुभंगलेलं असतं. फिलाडेल्फियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन स्मिथ बार्टन यांनी 1792 मध्ये त्याला जेफरसोनिया हे नाव दिलं.

सगळीच फुलं जूनमध्ये गुडूप होत नाहीत. ट्रिलियम, वाइल्ड जिंजर, फोमफ्लॉवर, मेॲपल यांची पानं उन्हाळ्यातही तग धरतात, आणि बागेसाठी ही बाब महत्त्वाची आहे. ते पुढे येईल. मेॲपलचं भारतीय भावंड हिमालयात आहे, तिथे त्याला वनककडी म्हणतात. दोघांच्या मुळांतल्या पोडोफिलोटॉक्सिनपासून एटोपोसाइड हे कर्करोगावरचं औषध तयार झालं.

मराठी माणसाला यात एक ओळखीचा चेहराही भेटतो. जॅक-इन-द-पल्पिट म्हणून अमेरिकेत ओळखली जाणारी वनस्पती आणि सह्याद्रीत पहिल्या पावसाबरोबर फणा काढून उभा राहणारा पांढरा सापकांदा ही दोन्ही अरिसीमा या एकाच प्रजातीची. दोन्ही अळूच्या कुळातली, आणि कच्चं खाल्लं तर घसा खाजवण्याचं कारणही तेच: कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म काटे. अमेरिकन जॅक दरवर्षी आपलं लिंग ठरवतो. गड्डा लहान असेल तर नर फुलं, मोठा झाला की मादी. एखाद्या वर्षी भरपूर लाल फळं धरली आणि गड्डा दमला की पुढच्या वर्षी पुन्हा नर. त्याच्या फुलात कुजक्या बुरशीच्या वासाने चिलटं शिरतात. नर फुलाच्या तळाशी त्यांना बाहेर पडायला छोटी फट असते, मादी फुलाला ती नसते. चिलट पराग देतं आणि तिथेच मरतं. सह्याद्रीतल्या भावंडाचं वेळापत्रक मात्र पावसाने ठरवलं, उन्हाने नाही: तिथे जंगलाचा तळ जागा होतो तो जूनमध्ये.

आता या सगळ्यांमध्ये मानाचं पान ट्रिलियमचं. तीन पानं, तीन पाकळ्या, पांढरंशुभ्र मोठं फूल, जे जुनं होताना गुलाबी होत जातं. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांताचं ते 1937 पासून अधिकृत फूल आहे आणि ओहायो राज्याचं 1986 पासून राज्य-रानफूल. आँटॅरिओत ते तोडणं कायद्याने गुन्हा आहे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. सरसकट तसा कायदा नाही, संरक्षित उद्यानांत मनाई आहे. पण ही चुकीची समजूत ट्रिलियमच्या भल्याचीच ठरली आहे. फुलाबरोबर तीन पानंही तुटली की त्या रोपाकडे वर्षभरासाठी अन्न तयार करायला काही उरत नाही. ते पुढची काही वर्षं फुलत नाही, कधी कधी मरतं.

ट्रिलियमला बियापासून फुलापर्यंत यायला सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. पहिल्या हिवाळ्यानंतर बी फक्त मूळ सोडतं, दुसऱ्या हिवाळ्यानंतर जमिनीवर एक पान दिसतं. मग काही वर्षं एकच पान, मग तीन पानं, आणि त्यानंतर कधीतरी फूल. ट्राउट लिलीही सावकाश. तिच्या वसाहतीत एका पानाची रोपंच बहुसंख्य असतात आणि ती फुलत नाहीत; दोन पानं आलेलीच फुलतात. जंगलातल्या काही वसाहती शंभर वर्षांहून जुन्या असाव्यात असं मानलं जातं. नव्या बागकाराला हे चमत्कारिक वाटतं: शेकडो ठिपकेदार पानं, आणि पिवळी फुलं मोजून चार.

या संथपणातच या बागेच्या बाजाराची गोम आहे. ज्या रोपाला विक्रीयोग्य व्हायला सात-आठ वर्षं लागतात ते पोस्टाने दोन-तीन डॉलरना कसं मिळतं? उत्तर सरळ आहे. ते जंगलातून उपटलेलं असतं. ट्रिलियमच्या बाबतीत हा धंदा अनेक दशकं चालला, अजून बंद झालेला नाही. काही विक्रेते उपटलेली रोपं एक हंगाम कुंडीत ठेवतात आणि ‘नर्सरीत वाढवलेली’ म्हणून विकतात. शब्द खोटा नाही, अर्थ खोटा. न्यूयॉर्क राज्याने ट्रिलियमसारखी फुलं ओरबाडली जाण्याचा धोका असलेल्या वनस्पतींच्या संरक्षित यादीत टाकली आहेत आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ती उचलता येत नाहीत. अनेक राज्यांत तेवढंही संरक्षण नाही. गुलाबी लेडीज स्लिपर या ऑर्किडचा विषय तर काढूच नये. त्याचं मातीतल्या विशिष्ट बुरशीशी इतकं घट्ट नातं असतं, की जंगलातून आणलेलं रोप बागेत सहसा जगतच नाही. उपटणाऱ्याने ते मारलेलं असतं, विकत घेणाऱ्याने त्या मारण्याचे पैसे भरलेले असतात.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. ट्रिलियमच्या सुमारे पन्नास जातींपैकी एक हिमालयात वाढते. तिथे तिला नागछत्री म्हणतात. हिमाचल आणि उत्तराखंडच्या उंच जंगलांत तिच्या मुळांना औषधी म्हणून भाव मिळू लागल्यापासून ती बेसुमार खणली गेली आणि तिच्या तस्करीच्या बातम्या येत राहिल्या. सावकाश वाढणाऱ्या वनस्पतीला वेगाने वाढणारी मागणी परवडत नाही, मग ती मागणी औषधाची असो की बागेची.

उपटलेलं जंगल स्वतःहून भरून येतं का? डेव्हिड डफी आणि ॲल्बर्ट मायर यांनी 1992 मध्ये दक्षिण ॲपलाचियन डोंगरांतली, पूर्वी कधीतरी सरसकट तोडलेली आणि नंतर पुन्हा उगवलेली जंगलं जुन्या, न तोडलेल्या जंगलांशी ताडून पाहिली. 87 वर्षं उलटून गेलेल्या जंगलातही जमिनीवरच्या रानफुलांची समृद्धी परत आलेली नव्हती. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारे निघाले, पण एक गोष्ट कोणी नाकारत नाही: ही फुलं चालत नाहीत, त्यांना कोणीतरी उचलून न्यावं लागतं.

उचलून नेतं कोण? मुंग्या. पूर्व अमेरिकेतल्या पानझडी जंगलाच्या जमिनीवरच्या रानफुलांतल्या एक तृतीयांशाच्या आसपास जातींच्या बीवर एक तेलकट, मांसल गाठ असते. ती मुंगीसाठीच. मुंगी बी घरी नेते, गाठ अळ्यांना खाऊ घालते, आणि उरलेलं बी वारुळाच्या उकिरड्यात, म्हणजे पोसलेल्या मातीत टाकते. ब्लडरूट, ट्रिलियम, स्प्रिंग ब्यूटी, ट्राउट लिली, वाइल्ड जिंजर सगळी याच गाडीने प्रवास करतात. पण मुंगी एखादं-दोन मीटरच जाते. मग हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या हजारो चौरस किलोमीटर भूभागावर ट्रिलियम पुन्हा पोचलं कसं? कॉर्नेल विद्यापीठातल्या मार्क व्हेलंड आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये याचं एक अनपेक्षित उत्तर दिलं: हरणांच्या लेंड्यांतून निघालेल्या ट्रिलियमच्या बिया उगवल्या. ट्रिलियम खाऊन संपवणारं हरीणच त्याला कधी कधी मैलोगणती दूरही नेतं.

संपवणं मात्र रोजचं आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे मोठे शिकारी प्राणी पूर्व अमेरिकेतून नाहीसे झाले, माणसांच्या वस्त्या पसरल्या, शिकार कमी झाली, आणि हरणं इतकी वाढली की अनेक उपनगरांत ती अंगणातून बिनधास्त फिरतात. ट्रिलियम त्यांचा आवडता घास. सतत चरलेल्या जंगलात ट्रिलियम वर्षागणिक खुजं होत जातं. इलिनॉयमधल्या अभ्यासानंतर ट्रिलियमच्या सरासरी उंचीवरून त्या जंगलावर हरणांचा भार किती हे ताडायची पद्धत पडली. फवारायच्या दुर्गंधी औषधांनी थोडे दिवस निभतं, पण पाऊस आला की पुन्हा फवारा. खरा उपाय आठ फूट उंच कुंपण, आणि ते खर्चिक. ज्यांना कुंपण जमत नाही त्यांनी हरणांना न आवडणाऱ्या वनस्पतींकडे वळावं: वाइल्ड जिंजर, मेॲपल, ब्लडरूट, फर्न.

दुसरा शत्रू ऐकून मराठी शेतकरी हसेल. गांडूळ! आपल्याकडे गांडूळखताच्या प्रसाराने गांडूळ शेतकऱ्याचा मित्र म्हणून पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र हिमयुगात मूळची गांडुळं नाहीशी झाली होती आणि तिथली जंगलं हजारो वर्षं गांडुळांशिवायच वाढली. पानांचा जाड, हळूहळू कुजणारा थर हीच तिथली माती. रानफुलांचं बी त्याच थरात रुजतं. युरोपातून जहाजांच्या भारामातीबरोबर आणि रोपांबरोबर आलेली, नंतर मासे धरणाऱ्यांनी आमिष म्हणून आणून टाकलेली गांडुळं हा थर काही वर्षांत फस्त करतात. ग्रेट लेक्स परिसरात असे जंगलाचे तुकडे आहेत, जिथे थर संपला आणि रानफुलांचं नवं रोप दिसेनासं झालं. गेल्या काही दशकांत पूर्व आशियातून आलेली उडी मारणारी गांडुळं पसरत आहेत. ती युरोपीय गांडुळांपेक्षा जास्त खादाड. त्यांनी पोखरलेली माती कॉफीच्या चोथ्यासारखी दाणेदार दिसते आणि हातात चिमूटभर घेतली तरी ओळखू येते. मोठी गांडुळं हिवाळ्यात मरतात, पण त्यांचे अंडकोश जगतात आणि कुंडीतल्या मातीतून, खतातून, भुशातून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. म्हणून जाणकार बागकार हल्ली शेजाऱ्याकडून कुंडीसकट रोप घेत नाही; मुळं धुऊन, उघडी करून घेतो.

तणांबद्दल थोडक्यात. गार्लिक मस्टर्ड युरोपातून स्वयंपाकात वापरायला आणलेली. 1868 मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर तिची पहिली नोंद झाली. ती मुळांतून अशी द्रव्यं सोडते, की रानफुलांना मदत करणारी मातीतली बुरशी खंगते. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचं फुलपाखरू टूथवर्ट या आपल्या नेहमीच्या वनस्पतीऐवजी चुकून तिच्यावर अंडी घालतं आणि अळ्या मरतात. लेसर सेलंडाइन हे दुसरं तण त्याच्या पिवळ्या, चकचकीत फुलांमुळे कित्येक वर्षं नर्सरीतच विकलं गेलं. आता अनेक राज्यांत त्याची विक्री बंद आहे. ते वसंतातल्या रानफुलांच्याच वेळी उगवतं, त्यांच्याच जागेवर पसरतं. दोन्ही दिसताच काढायची. गार्लिक मस्टर्ड फुलण्याआधी, मुळासकट. सेलंडाइनचे बारीक कंद मातीत राहू न देता.

आणि हवामान? इथे एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. सविनय कायदेभंगावरच्या निबंधामुळे गांधीजींच्या चरित्रातून आपल्याला ठाऊक झालेला हेन्री डेव्हिड थोरो हा आपल्या मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावात 1850 च्या दशकात झाडं कधी पालवली, रानफुलं कधी फुलली याच्या नोंदी ठेवत होता. बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि सहकाऱ्यांनी त्याच गावात त्या नोंदी आजच्या तारखांशी ताडल्या. दोन्ही घटना आता लवकर घडतात, पण झाडांची पालवी रानफुलांपेक्षा जास्त पुढे सरकली आहे. म्हणजे फुलांच्या वाट्याचं ऊन कमी होत चाललं आहे. मेसन हेबर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हाच मुद्दा आकडेवारीनिशी मांडला. या घाईत कोणाचा किती तोटा होतो हे जातीनुसार वेगळं आहे. स्प्रिंग ब्यूटीसारखी सगळं काही पालवीआधी उरकणारी फुलं आणि ट्रिलियमसारखी थोडी पालवीनंतरही टिकणारी यांचं गणित एक नाही.

तर मग बाग लावायची कशी? सगळ्यात मोठं काम हे की गळत्या पानांच्या हंगामात काहीच करायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंगणात पानं गोळा करायला येणाऱ्या पथकांचे ब्लोअर दिवसभर घोंघावत असतात. झाडाखालचा तो पाचोळा जिथे पडला तिथेच राहू द्यावा. मेपलची मोठी पानं ओली होऊन चिकटून घट्ट थर बनवतात आणि नाजूक कोंब खाली अडकतात. ती गवत कापायच्या यंत्राखालून एकदा फिरवून बारीक करावीत, पण टाकून देऊ नयेत. ओकची पानं कुरळी, हवा खेळती ठेवणारी. त्यांना हात लावायची गरज नाही. झाडाखाली माती खणून, मुळं तोडून वाफे करण्याचा मोह टाळावा. झाडाला ते मानवत नाही आणि रानफुलांना त्याची गरजही नाही. मुळांच्या मधल्या खोबणीत पानांचं कुजलेलं खत भरून तिथे मूळकांड उथळच बसवायचं. नॉर्वे मेपल हे एक झाड मात्र या कामासाठी नालायक: दाट सावली आणि पृष्ठभागावरच जाळं विणणारी मुळं. त्याच्याखाली काही जगवायचं तर ते झाडच काढायचा विचार करावा. तसंही ते युरोपातून आलेलं, जंगलात पसरणारं झाड आहे.

लागवड शरद ऋतूत, रोपं झोपलेली असताना. पहिला उन्हाळा कोरडा गेला तर पाणी द्यायचं, नंतर नाही. बी पेरायचं असेल तर ताजंच. ट्रिलियम आणि ब्लडरूटचं बी सुकलं की रुजायला अडून बसतं. जूनमध्ये रोप गेलं म्हणून ते मेलं असं समजून त्याच जागी दुसरं काही खणून लावणं हा या बागेतला सर्रास घडणारा अपघात आहे. जागांना खुणा कराव्यात. मोकळी झालेली जागा फर्नने भरते: ख्रिसमस फर्न हिवाळ्यातही हिरवं राहतं. वाइल्ड जिंजर आणि फोमफ्लॉवर उन्हाळाभर जमीन झाकतात.

कोणापासून सुरुवात करावी? व्हर्जिनिया ब्लूबेल आणि वूडलँड फ्लॉक्सपासून. ती लवकर रुळतात, ब्लूबेलचं बी स्वतःच पसरतं, आणि हरणं सोडली तर फारसं काही त्यांच्या वाटेला जात नाही. मेॲपल लावताना जरा सांभाळून. ते एकदा बसलं की शेजारच्यांना बाजूला सारतं. ब्लडरूट आणि जॅक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ट्रिलियम बियापासून वाढवणाऱ्या विक्रेत्याकडूनच, आणि महाग मिळालं तर ते योग्यच आहे असं समजून.

असं करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मिनीॲपोलिसमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एलोइझ बटलर यांनी 1907 मध्ये एका बागेचा पाया घातला. ती अमेरिकेतली सर्वांत जुनी सार्वजनिक रानफुलांची बाग मानली जाते, आणि 1933 मध्ये मृत्यू होईपर्यंत बटलर तिच्यातच रमल्या. बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये विल कर्टिस यांनी 1931 मध्ये सुरू केलेली ‘गार्डन इन द वूड्स’ आज नेटिव्ह प्लांट ट्रस्टकडे आहे आणि तिथे रोपं बियापासून वाढवून विकली जातात. पेनसिल्व्हेनियात न्यू होपजवळ 1934 पासून असलेलं बोमन्स हिल हे वनस्पती-अभयारण्य न्यू जर्सीतून डेलावेअर नदी ओलांडली की लगेच लागतं. ग्रेट स्मोकी पर्वतांच्या राष्ट्रीय उद्यानात 1,500 हून अधिक फुलझाडं आहेत आणि 1951 पासून तिथे वसंतात रानफुलांची यात्रा भरते. पोर्टर्स क्रीकच्या वाटेवर एप्रिलमध्ये फ्रिंज्ड फसेलियाच्या पांढऱ्या गालिच्यातून चालावं लागतं.

न्यू जर्सी, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या वाचकांना एवढंच सुचवायचं, की घरामागच्या ओकखाली काही लावण्याआधी एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यांतल्या एखाद्या जागी एकदा जाऊन यावं आणि आपल्या सावलीत काय जगेल ते तिथे पाहावं. मग शरदात पानं उचलणाऱ्या पथकाला तेवढा कोपरा सोडायला सांगावं, आणि रोपं घेताना नर्सरीवाल्याला स्पष्ट विचारावं: हे बियापासून किंवा मूळकांडाच्या तुकड्यापासून तुमच्याकडे वाढवलं, की कुठून आणलं? उत्तर देताना तो घुटमळला तर दुसऱ्या नर्सरीत जावं.